गादीवरचा दिवस आणि वाढता घेर

बऱ्याच दिवसांनी भेटलेल्या माणसाचे पोट थोडे पुढे आलेले दिसले, की मराठी माणूस अजूनही ‘तब्येत सुधारली’ असे म्हणतो. सोयरीक ठरवताना ‘खाऊन-पिऊन सुखी घर आहे’ अशी ग्वाही दिली जाते. गुटगुटीत मुलाला ‘बाळसेदार’ म्हणून कौतुकाने उचलून घेतले जाते. या शब्दांमागे मोठा इतिहास आहे. मराठवाड्यासारख्या अवर्षणाच्या मुलुखात, जिथे १९७२ च्या दुष्काळाच्या आठवणी घरोघरी आजही निघतात, अंगावरचे मांस ही संकटकाळची ठेव समजली जाई. पेढीवर बसलेल्या शेठजींचे भरलेले अंग पेढीची पत सांगत असे. काळ बदलला, दुष्काळात अन्नावाचून मरण्याची भीती ओसरली, तरी ठेव वाढतच राहिली. आज तिचे कर्जात रूपांतर झाले आहे आणि मधुमेह, रक्तदाब, गुडघेदुखी व हृदयविकार यांच्या रूपाने त्याचे व्याज घरोघरी भरले जात आहे.

हे कर्ज किती मोठे आहे, हे देशाची आकडेवारी सांगते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१५-१६ च्या चौथ्या फेरीत प्रौढ स्त्रियांपैकी २०.६ टक्के आणि पुरुषांपैकी १८.९ टक्के व्यक्तींचे वजन प्रमाणाबाहेर होते. २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत हेच प्रमाण अनुक्रमे २४ आणि २२.९ टक्क्यांवर गेले. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या साहाय्याने देशभरातील एक लाखाहून अधिक लोकांची तपासणी झाली; तिचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात पोटावर चरबी साठलेल्यांचे प्रमाण ३९.५ टक्के, म्हणजे दर पाच प्रौढांमागे जवळजवळ दोन, असे आढळले.

आता प्रश्न कारणांचा. घरातले उत्तर ठरलेले असते : ‘जिभेवर ताबा नाही.’ हे उत्तर सोपे आहे, पण अपुरे आहे. एका पिढीत लाखो माणसांचा संयम एकाच वेळी सुटत नाही. जेव्हा सगळ्यांचेच वजन एकाच दिशेने जाते, तेव्हा दोष माणसांच्या स्वभावात शोधण्याऐवजी त्यांच्या दिवसाच्या रचनेत शोधावा लागतो. व्यापारी कुटुंबाच्या बाबतीत ही रचना बहुतांशी दुकानाने ठरवलेली असते.

कलकत्त्याजवळ हुगळीकाठच्या एका ताग गिरणीत झालेला जुना अभ्यास या दृष्टीने प्रत्येक दुकानदाराने जाणून घ्यावा असा आहे. आहारशास्त्रज्ञ जीन मेयर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथील २१३ पुरुषांचा आहार, वजन आणि कामाचे स्वरूप यांची नोंद केली. निष्कर्ष १९५६ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांत कोळसा वाहणारे, ओझी उचलणारे, विणकर, कारकून असे सर्व थरांतले लोक होते आणि गिरणीच्या परिसरात दिवसभर बसून असणारे दुकानदारही होते. मध्यम श्रमाच्या माणसापेक्षा जड श्रमाचा माणूस अधिक खात होता, तरी त्याचे वजन वाढलेले नव्हते. येथपर्यंत सर्व अपेक्षेप्रमाणेच होते. आश्चर्य होते ते बैठ्या माणसांचे. श्रम कमी, म्हणून भूक कमी, असे तेथे घडत नव्हते. बसून राहणारा दुकानदार हलक्या श्रमाच्या कामगारापेक्षा अधिक खात होता आणि त्याचे वजनही अधिक होते. हालचाल एका ठरावीक मर्यादेखाली गेली, की भूक आणि गरज यांचा मेळ बिघडतो, असा या अभ्यासाचा अर्थ लावला गेला. तराजूचा काटाच सरकला, तर दुकानदाराने कितीही प्रामाणिकपणे तोलले तरी माप चुकणारच. बैठ्या शरीराच्या भुकेचे तसेच होते.

छत्रपती संभाजीनगरच्या जुन्या बाजारपेठेतला बदल या पार्श्वभूमीवर पाहण्यासारखा आहे. गुलमंडी, शहागंज, सराफा या भागांत खाली दुकान आणि वर बिऱ्हाड ही जुनी रीत होती. दिवसातून आठ-दहा वेळा जिना चढणे-उतरणे होई. मोंढ्यात, मंदिरात, स्थानकात जाणे-येणे पायी होई. माल उतरवून घेताना शेठजी स्वतः उभे राहत. कापडाचे ठाण काढणे, पोते हलवणे, मापे घालणे यांत घरची मुलेही हातभार लावत. पुढे कुटुंबे सिडको, गारखेडा, उल्कानगरी, बीड बायपास अशी विस्तारली. १९८५ मध्ये वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला आणि दुचाकी हे या शहराचे जणू ओळखपत्रच झाले. आज घराच्या दारातून दुकानाच्या दारापर्यंत वाहन जाते. हिशेब संगणकात आहे, ऑर्डर फोनवर येते, पैसे पडद्यावर जमा होतात. माल नोकर काढतो. गादीवर बसलेल्या माणसाला दहा-बारा तासांत उठण्याचे कारणच उरत नाही. सोय वाढली हे खरेच. परंतु त्या सोयीने शरीराच्या खर्चाची बाजू जवळजवळ कोरी करून टाकली.

जमेची बाजू मात्र भरत राहिली, आणि तिच्यातली सर्वांत मोठी नोंद तेलाची आहे. १९९०-९१ मध्ये देशात दरडोई वर्षाला सुमारे ५.५ किलो खाद्यतेल उपलब्ध होते. १९९४ मध्ये पामतेलाची आयात खुली झाली, तेल स्वस्त आणि मुबलक झाले. २०२०-२१ पर्यंत दरडोई वापर वर्षाला १९.७ किलोवर पोहोचला. आयुर्विज्ञान परिषदेने सुचवलेली मर्यादा आहे वर्षाला सुमारे १२ किलोची. एक ग्रॅम तेलातून नऊ कॅलरी मिळतात, तर एक ग्रॅम धान्यातून चारच्या आत. म्हणूनच तेलाची वाढ ताटात दिसत नाही. भाजी तेवढीच, पोळी तेवढीच, फक्त तवंग थोडा अधिक.

हा हिशेब घरी मांडणे व्यापारी कुटुंबाला अवघड नाही. वर्षाला १२ किलो म्हणजे माणशी महिन्याला १ किलो. पाच जणांच्या घरात पंधरा किलोचा डबा किती दिवस पुरतो, हे डबा फोडण्याच्या तारखेवरून कळते. तो तीन महिने पुरला, तर घर मर्यादेच्या काठावर आहे. दोन महिन्यांत संपला, तर माणशी दीड किलो झाले. त्यात साजूक तूप, दुकानात मागवलेली कचोरी, रविवारची दाल-बाटी, गुलमंडीची इमरती आणि लग्नसराईतील पंगती धरलेल्याच नाहीत. ज्या घरात चार आण्याचा फरक पडला तरी रोजमेळ पुन्हा तपासला जातो, त्या घरात तेलाच्या डब्यावर तारीख लिहिण्याची पद्धत नसावी, हे नवल आहे.

दुसरी नोंद चहाची. ग्राहक आला की चहा, दलाल आला की चहा, कोणी आले नाही तर कंटाळा घालवण्यासाठी चहा. प्रत्येक कपात दोन चमचे साखर धरली, तर पाच कपांत चाळीस ते पन्नास ग्रॅम साखर जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढाने दिवसाला साधारण २५ ग्रॅमच्या आत राहणे हितावह आहे. चहाबरोबर बिस्किटे आणि पुडीतील नमकीन येते. अशा कारखानी खाद्यपदार्थांबाबत अमेरिकेतील राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केव्हिन हॉल यांनी केलेला प्रयोग २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. वीस प्रौढांना दोन आठवडे कारखान्यात अतिप्रक्रिया झालेले आणि दोन आठवडे साधे, घरगुती धर्तीचे अन्न देण्यात आले. दोन्ही जेवणांत मांडलेल्या कॅलरी, साखर, स्निग्धांश व चोथा सारखाच ठेवला होता आणि हवे तितके खाण्याची मोकळीक होती. तरीही कारखानी अन्नावर माणसे दिवसाला सुमारे ५०० कॅलरी अधिक खाऊन गेली आणि दोन आठवड्यांत त्यांचे वजन सरासरी ०.९ किलोने वाढले. माणसे तीच होती आणि त्यांचा संयमही तोच होता. फक्त समोरचे अन्न बदलले होते. गल्ल्याशेजारी ठेवलेल्या बरणीचे काम नेमके असेच चालते.

तिसरी नोंद वेळेची. दुकान नऊ-साडेनऊला बंद होते, गल्ला मोजून घरी पोहोचेपर्यंत दहा वाजतात, जेवण साडेदहाला आणि त्यानंतर लगेच झोप. दिवसातले सर्वांत मोठे, सर्वांत निवांत जेवण असे रात्री उशिरा पडते. बोस्टनच्या एका रुग्णालयात सोळा स्थूल व्यक्तींवर झालेल्या आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात तेच अन्न फक्त चार तास उशिरा दिले गेले. तेवढ्यानेही भूक वाढली, तृप्तीची सूचना देणाऱ्या लेप्टिन या संप्रेरकाचे प्रमाण घटले आणि शरीराचा ऊर्जाखर्च मंदावला. सूर्यास्तापूर्वी जेवण्याचा नियम जैन घरांत अहिंसेच्या भावनेतून आला. वजनाचा विचार त्यामागे नव्हता. परंतु हा नियम पाळणाऱ्या पिढीचे रात्रीचे पोट हलके राहत असे, हेही खरे. अनेक घरांत आजही आजी-आजोबांचा चौविहार अखंड चालू असतो आणि त्याच घरातला मुलगा दुकानामुळे रात्री अकराला जेवतो. नियम श्रद्धेअभावी सुटलेला नाही. तो दुकानाच्या वेळापत्रकाने सोडवला आहे.

एवढे वाचून एखादा सडपातळ व्यापारी निश्चिंत होईल, तर तेही बरोबर नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात स्वतःचीच तुलना प्रसिद्ध केली. उंचीच्या प्रमाणात दोघांचे वजन अगदी सारखे होते. वस्तुमान निर्देशांक दोघांचाही २२.३. परंतु शरीरातील चरबी मोजली, तेव्हा युडकिन यांच्या अंगात ती ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या अंगात २१.२ टक्के निघाली. भारतीय माणूस काट्यावर हलका असूनही आतून स्थूल असू शकतो, हे या एका उदाहरणाने जगासमोर आले. म्हणूनच भारतीयांसाठी मापे कडक ठेवली आहेत. वजन किलोत घेऊन त्याला मीटरमधील उंचीने दोनदा भागले, की वस्तुमान निर्देशांक मिळतो. तो २३ च्या पुढे गेला की वजन जास्त आणि २५ च्या पुढे गेला की स्थूलता समजावी. पुरुषाच्या कमरेचा घेर ९० आणि स्त्रीचा ८० सेंटिमीटरच्या आत असावा. कापडाच्या दुकानात टेप हाताशीच असते. श्वास सोडून, पोट आत न ओढता ती एकदा स्वतःभोवती लावून पाहावी.

हा सुप्त स्थूलपणा कोठून येतो, याचे एक उत्तर याज्ञिक यांच्याच दुसऱ्या कामात आहे. १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतील माता आणि बालके यांचा त्यांनी दीर्घकाळ अभ्यास केला. तेथील नवजात बालकांचे वजन सरासरी २.७ किलो, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बालकांचे ३.५ किलो होते. पण इवल्याशा मराठी बाळाच्या अंगात स्नायू कमी असले, तरी चरबी त्या मानाने टिकून होती. पुढे २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत आणखी एक गोष्ट पुढे आली : गरोदरपणी सुमारे दोन-तृतीयांश मातांमध्ये बी-१२ हे जीवनसत्त्व कमी होते, आणि जिथे बी-१२ कमी व फोलेट जास्त होते, त्या मातांच्या मुलांत सहाव्या वर्षीच इन्सुलिनला दाद न देण्याची, म्हणजे पुढे मधुमेहाकडे नेणारी प्रवृत्ती सर्वाधिक दिसली.

शाकाहारी घरांनी हे विशेष लक्षात घ्यावे. शाकाहारात बी-१२ मिळते ते मुख्यतः दूध, दही, ताक यांतून. सून गरोदर असताना तिच्या ताटात दूध-दही पुरेसे आहे का, बी-१२ ची रक्ततपासणी झाली आहे का, डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळी सुरू आहे का, याकडे घरच्या मोठ्यांनी लक्ष दिले, तर ती येणाऱ्या पिढीच्या नावे केलेली उत्तम गुंतवणूक ठरेल.

स्त्रियांच्या वाट्याला या प्रश्नाचा दुहेरी भार येतो. पाचव्या कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या विश्लेषणात पोटाची स्थूलता स्त्रियांत ४० टक्के, तर पुरुषांत १२ टक्के आढळली. पाटा-वरवंटा, जाते, विहीर ही जुनी मेहनत गेली, याबद्दल कोणी हळहळू नये. पण त्या जागी स्वतःसाठी चालण्या-फिरण्याचा एक तासही तिला मिळाला नाही. सकाळी डबे, दुपारी पाहुणे, संध्याकाळी मुलांच्या शिकवण्या, रात्री साडेदहापर्यंत गरम पोळीची वाट पाहणारे ताट. सर्वांचे झाल्यावर तिचे जेवण आणि पातेल्यात उरलेले ‘वाया जाऊ नये’ म्हणून तिच्याच पोटात. वर, मुलगा जाड असला तर ‘खात्या घरचा’ आणि मुलगी जाड असली तर ‘स्थळ कसे मिळणार’ ही भाषा. अशा टोमण्यांनी कोणाचे वजन उतरत नाही; मुलगी मात्र चोरून खाऊ लागते.

मग घरात जाणता उपाय कोणता? तपाची परंपरा असलेल्या समाजात पहिले उत्तर ‘उपवास’ असेच येते. येथे थोडा विवेक हवा. तपाचा हेतू कर्मनिर्जरा हा आहे; वजन उतरवण्याचे औषध म्हणून तप करणे हा तपाचाही अर्थ लहान करणे आहे. शिवाय अठाईनंतरचे पारणे आणि त्यामागोमागच्या पंगती यांत उतरलेले वजन परत येते, हा अनुभव घरोघरचा आहे. मधुमेहाची औषधे घेणाऱ्याने तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय दीर्घ उपवास करूच नये. परंतु बाह्य तपांच्या यादीत अनशनाच्या शेजारीच ऊनोदरी आहे, रसपरित्याग आहे. शास्त्रकारांनी पुरुषाचा पूर्ण आहार बत्तीस घासांचा मानून त्यापेक्षा कमी घेणे याला ऊनोदरी म्हटले. वर्षातून आठ दिवस काहीही न खाण्यापेक्षा रोज दोन घास कमी खाणे जिभेला अधिक जड जाते. म्हणूनच त्याला तपात स्थान मिळाले असावे. एखादा दिवस तेल-तुपाविना, एखादा दिवस साखरेविना, ही सवय आयंबिल जाणणाऱ्या घराला परकी नाही.

तथापि, ताटातला बदल टिकायचा असेल, तर आधी दिवस बदलावा लागेल, आणि येथे व्यापाऱ्याच्या हाती असलेले एक बळ लक्षात येते. वाळूजच्या कारखान्यातला कामगार पाळीच्या वेळा बदलू शकत नाही; कार्यालयातील कारकून साहेबाला विचारल्याशिवाय उठू शकत नाही. दुकानाचा मालक मात्र स्वतःच्या वेळापत्रकाचा धनी असतो. घरचा डबा संध्याकाळी सहाला दुकानात मागवून तेथेच जेवता येते. त्यासाठी दुकान बंद करावे लागत नाही. वडील आणि मुलगा यांनी पाळी लावली, तर एक दिवसाआड दोघेही सूर्यास्तापूर्वी घरी जेवू शकतात. गल्ल्याशेजारच्या बरणीत नमकीनऐवजी भाजलेले चणे ठेवता येतात. चहाचा कप लहान करता येतो आणि त्यातली साखर महिन्याला अर्ध्या चमच्याने उतरवता येते. तासाला एकदा उठून माल स्वतः काढून दाखवता येतो. ग्राहकालाही ते आवडते. गाडी दुकानाच्या दारात लावण्याऐवजी दहा मिनिटांच्या अंतरावर लावली, तर ये-जा मिळून वीस मिनिटे चालणे आपोआप होते आणि गुलमंडीत गाडीला जागा शोधण्याचा त्रासही वाचतो. रविवारी सकाळी गोगाबाबा टेकडीवर सहकुटुंब जाता येते. आणि रात्री उशिराची गरम पोळी बंद झाली, की घरातल्या गृहिणीला संध्याकाळचा तासही परत मिळतो.

यांतले प्रत्येक पाऊल लहान आहे. पण वजनही असेच लहान पावलांनी आले होते. रोज शिल्लक राहिलेल्या पन्नास कॅलरी, म्हणजे जेमतेम एक चमचा तेल, सरळ हिशेबाने वर्षाला दोन किलोंच्या वर जातात. वजन वाढले की शरीराचा खर्चही थोडा वाढतो, त्यामुळे प्रत्यक्षातली वाढ या हिशेबापेक्षा कमी असते; तरी दहा-पंधरा वर्षांत ती कमरेवर दिसल्यावाचून राहत नाही. उलट्या दिशेचा प्रवासही त्याच संथ गतीने होतो, आणि महिनाभरात वीस किलो उतरवण्याची हमी देणाऱ्या जाहिरातींना व्यापारी बुद्धीने तेवढीच किंमत द्यावी, जेवढी महिन्यात दामदुप्पट करणाऱ्या योजनेला दिली जाते.

दिवाळीला वहीपूजन होते, जुनी वही बंद होऊन नव्या वहीचे पहिले पान उघडते. त्या पानावर धंद्याच्या नोंदीआधी घरातील प्रत्येकाच्या कमरेचा घेर आणि तेलाचा डबा फोडल्याची तारीख लिहिली, तर वर्षअखेरीस ताळेबंद पाहताना एका रकान्यातला आकडा कमी झालेला पाहून प्रथमच सर्वांना आनंद होईल.